अ‍ॅस्परॅगसची रोपं दर भादव्यात वाळतात? औषधाआधी जागा बघा

जून-जुलैत हिरवागार पिसारा. ऑगस्ट सरता सरता बुडाकडून पिवळी झाक. भादव्यातली तीन-चार दिवसांची झड लागून गेली की दोन-तीन रोपं उभ्या उभ्या वाळतात. दिवाळीच्या सुमारास त्याच खड्ड्यात नवीन रोप लावलं जातं आणि पुढच्या भादव्यात पुन्हा तेच. परभणी, जालना, नांदेड, लातूर, जिथं जिथं काळी भारी जमीन आहे तिथून परसबागेतल्या अ‍ॅस्परॅगसची तक्रार साधारण ह्याच क्रमानं येते. तोवर बुरशीनाशकाच्या दोन-तीन आळवण्याही (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) होऊन गेलेल्या असतात.

आळवणी वाया जाते, कारण बुरशी इथं शेवटी येते. साचलेल्या पाण्यात आधी गड्ड्याला, म्हणजे काड्या आणि मुळ्या जिथून फुटतात त्या बुडाला, हवा मिळेनाशी होते, मग मुळ्या कुजायला लागतात आणि दुबळ्या मुळ्यांत फ्युजेरियम नावाची बुरशी शिरते. जागा तीच ठेवून औषध बदलत राहिलं तर हे चक्र तुटत नाही. अ‍ॅस्परॅगस एकदा नीट जागी बसलं की पंधरा वर्षं कोंब देतं. भेंडी-गवारीची जागा चुकली तर एक हंगाम जातो, इथं चुकली तर सगळंच जातं. म्हणून जागेबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

त्याआधी तुमच्याकडं नेमकं काय लावलंय ते बघून घ्या. कोंब खायचं अ‍ॅस्परॅगस आणि आपली औषधी शतावरी एकाच वंशातल्या वनस्पती आहेत, पण त्यांना जागा वेगवेगळी लागते. शतावरी काटेरी वेल आहे. डोंगरात ती बोरी-बाभळीच्या झुडपांतून वर चढते, तिला अर्धी सावली चालते. ते बघून पुष्कळ जण कोंबाचं अ‍ॅस्परॅगसही कडुलिंबाखाली नेऊन लावतात. त्याला काटे नसतात, ते वेलासारखं चढत नाही आणि सावलीत त्याचे कोंब वर्षागणिक बारीक होत जातात. त्याला दिवसाचे निदान सात-आठ तास उघडं ऊन पाहिजे. पुढचं सगळं ह्या कोंबाच्या अ‍ॅस्परॅगसबद्दल आहे. शतावरीबद्दल शेवटाकडं थोडं लिहिलंय.

पिवळेपणा कधी आला, ते आधी सांगा

पिवळं पडलं एवढ्यावरून काहीच कळत नाही, कधी पडलं त्यावरून बरंच कळतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थंडी पडल्यावर सगळा पिसारा एकसारखा पिवळा होत गेला तर ते दुखणं समजू नका. रोप विसाव्याला चाललंय, पिसाऱ्यातलं अन्न खाली मुळ्यांत उतरतंय. हा पिवळेपणा आपल्याला हवाच असतो. ह्या वेळी घाबरून युरिया आणि पाणी दिलं तर रोपाची झोपमोड होते आणि पुढचे कोंब काडीसारखे येतात.

पावसात नवीन फूट फिकट पिवळी, जुना भाग हिरवा आणि वापसा आल्यावर पुन्हा थोडी तकाकी, असं असेल तर लोहाची कमतरता धरा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) आठच्या वर असणं नेहमीचं आहे, तर अ‍ॅस्परॅगसला साडेसहा ते साडेसात मानवतो. लोह जमिनीत असतं, पण चुन्यामुळं मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक-दोन ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी फवारलं की आठ-दहा दिवसांत फरक दिसतो. जमिनीतून द्यायचं असेल तर ईडीटीएवालं चिलेट (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) चुनखडीत टिकत नाही, ईडीडीएचएवालं घ्या. ते महाग आहे, पण घरच्या वाफ्याला लागतं किती!

आणि पावसातच एकेक काडी बुडापासून वर पिवळी, मग तपकिरी, शेजारची काडी मात्र अजून हिरवी, असं दिसलं तर गड्डा उघडल्याशिवाय पुढं जाऊ नका.

अंबाजोगाईकडच्या एका मावशींच्या परसात असाच एक गड्डा उकरला होता. मावशी म्हणत होत्या, "दरसाली भादव्यात असंच व्हायलंय बघा. औषध टाकून टाकून थकले." खुरपं वीतभर खाली गेलं आणि माती चिखलासारखी लागली, वर मात्र कोरडी पापडी होती. चांगल्या अ‍ॅस्परॅगसची मुळी पेन्सिलीएवढी जाड, दुधाळ पांढरी आणि दाबली तर टणक लागते. इथं मुळ्या बाहेरून शाबूत दिसत होत्या, पण चिमटीत धरल्या की चपट्या होत होत्या. आतलं सगळं सडून गेलेलं, नुसती पोकळ नळी शिल्लक. काडी बुडाशी उभी चिरली तर आत तांबूस तपकिरी रेघ. फ्युजेरियमची ओळख हीच. अशा गड्ड्याला कोणतंच औषध पुन्हा उभं करत नाही. तो उपटून जाळायचा, उकिरड्यावर टाकायचा नाही. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं तग धरते आणि शेणखताबरोबर पुन्हा वाफ्यात येते.

मावशींचा खड्डा घराच्या वळचणीखाली होता. पत्र्यावरचं सगळं पाणी तिथं पडायचं.

त्याच खड्ड्यात पुन्हा लावण्याचं आणखी एक नुकसान आहे. अ‍ॅस्परॅगसच्या जुन्या मुळ्यांतून जे पदार्थ मातीत उतरतात ते त्याच्याच नव्या रोपांची वाढ दाबतात. म्हणजे बुरशी नसती तरी त्या जागी नवीन रोप जोमानं आलं नसतं. मेलेल्या रोपाच्या जागी नवीन रोप, हा नियम मिरची-वांग्याला ठीक आहे. इथं तो मोडावा लागतो.

पाण्याची परीक्षा, काळ्या जमिनीच्या हिशेबानं

सगळीकडं सांगितलेली पद्धत अशी: फूटभर खोल खड्डा करा, पाणी भरा, उतरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते मोजा. पद्धत बरोबर आहे, पण मराठवाड्यात ती एप्रिल-मेमध्ये केली तर हमखास फसवते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पाणी त्या भेगांतून सुळ्ळकन जातं आणि वाटतं, वा, निचरा फार चांगला. जूनचे दोन पाऊस पडले की तीच चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जागचं हलत नाही.

म्हणून परीक्षा पावसाळ्यात, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा. उन्हाळ्यातच करायची असेल तर खड्डा दोन दिवस पाण्यानं भरत राहा, माती फुगू द्या आणि तिसऱ्या दिवशी मोजा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरलं तर जागा चालेल. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर सपाट जमिनीत लावायचं मनातून काढून टाका. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर गादीवाफा करूनही ती जागा नको.

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा-आष्टीकडं, धाराशिवच्या माळावर, जिथं हलकी मुरमाड बरड जमीन आहे, तिथली मंडळी ह्या बाबतीत नशीबवान आहेत. ज्या जमिनीला आपण नेहमी नावं ठेवतो तीच ह्या पिकाला मानवते. पेरू देशात किनाऱ्यालगतच्या वाळवंटात, इकासारख्या भागात, ठिबकवर अ‍ॅस्परॅगसची मोठी शेती चालते. पाऊस जवळजवळ नाहीच तिथं. म्हणजे कोरडं हवामान आणि कडक ऊन ह्याला मारत नाही. साचलेलं पाणी मारतं. आपला सरासरी पाऊस जास्त नाही, पण तो चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत कोसळतो आणि खरं नुकसान त्याच दिवसांत होतं.

खड्डा भरू नका, वाफा उचला

भारी जमिनीत सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय हाच सगळ्यात जास्त रोपं मारतो: दोन फूट खड्डा घ्यायचा, काळी माती काढून टाकायची आणि त्यात तांबडी माती, वाळू, शेणखत भरायचं. भोवतीची काळी माती तशीच घट्ट राहते, आत सैल माती. आजूबाजूचं पाणी झिरपत त्या सैल मातीत येतं आणि बाहेर जायला वाट नसते. आपण हौद बांधतो आणि त्यात रोप लावतो. बाहेरच्या पुस्तकांत चर खोदून आठ इंच खोल गड्डा लावायला सांगतात तेही आपल्या काळ्या जमिनीला लागू नाही. ते रेताड जमिनीचं तंत्र आहे.

इथं उलट करायचं. जमिनीच्या वर दीड फूट उंच, चार फूट रुंद गादीवाफा. कडेला पडक्या भिंतीचे दगड लावले तर माती धरून राहते आणि दगडांच्या फटींतून पाणीही निघतं. माती भरण्याआधी खालची काळी जमीन कुदळीनं मोकळी करून मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती ठेवा, म्हणजे वाफ्यातून उतरलेलं पाणी तळाला थांबणार नाही. दोन्ही बाजूंना चर काढून उताराकडं नेऊन सोडा. भरायला पोयट्याची किंवा हलकी माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग आणि थोडा बारीक मुरूम. नुसत्या काळ्या मातीत दोन-चार घमेली वाळू मिसळून काही साधत नाही. तेवढ्यानं ती सैल होत नाही, सुकल्यावर उलट दगडासारखी होते.

गड्डा चार ते पाच इंच खोल, दोन रोपांत दीड फूट. मुळ्या चारी बाजूंना पसरून ठेवायच्या, गुंडाळून कोंबायच्या नाहीत. गड्डे आपल्याकडं सहसा मिळत नाहीत, बियांपासूनच सुरुवात करावी लागते. बी रात्रभर भिजवा आणि तीन आठवडे उगवण दिसली नाही तरी ट्रे फेकू नका, ते सावकाश उगवतं. मेरी वॉशिंग्टन जुना भरवशाचा वाण आहे, उष्ण भागासाठी यूसी-१५७ चांगला.

शेणखत कच्चं असेल तर त्याबरोबर हुमणी येते आणि हुमणीची अळी गड्डाच कुरतडते. खत हातात घेऊन बघा: शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही. निंबोळी पेंड वाफ्यात मिसळली तर हुमणी आणि वाळवी दोन्हींना थोडा आळा बसतो.

घराभोवतीच्या कुठल्या जागा टाळाव्यात? वळचण तर झालीच. मोरीच्या सांडपाण्याची कडही नको. तिथं ओल कायम असते आणि साबणातला सोडा माती चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) करतो. हराळी किंवा लव्हाळ्यानं भरलेली जागाही नको, कारण पंधरा वर्षं तिथं कुदळ घालता येणार नाही. दुसरी जागाच नसेल तर एप्रिल-मेमध्ये माती ओली करून पातळ पारदर्शक प्लास्टिक कडा मातीत दाबून पाच-सहा आठवडे पसरून ठेवा. आपल्याकडच्या उन्हात त्याखालची माती चांगलीच तापते. बुरशी आणि बऱ्याच तणांचं बी त्यात कमी होतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र त्याला पुरून उरतात, त्या खणूनच काढाव्या लागतात.

मोठ्या झाडापासून निदान त्याच्या घेराच्या दीडपट लांब राहा. कडुलिंब, सुबाभूळ, निलगिरी ह्यांच्या मुळ्या सैल आणि ओल्या गादीवाफ्याकडं आपसूक येतात. दुपारी तीननंतर पश्चिमेकडून शेवग्याची विरळ सावली पडत असेल तर मात्र ती एप्रिल-मेमध्ये उपयोगाचीच आहे.

शेजारी काय लावावं, काय अजिबात लावू नये

कांदा-लसूण नको. हे मी ठामपणे सांगतो, कारण परसबागेत मोकळी कड दिसली की आपण पहिल्यांदा कांद्याची रोपं खोचतो. स्टेम्फिलियम नावाची जी बुरशी कांद्या-लसणाची पात करपवते, तिचीच एक जात अ‍ॅस्परॅगसच्या काड्यांवर जांभळे ठिपके पाडते. फ्युजेरियममधली प्रोलिफेरॅटम ही जात अ‍ॅस्परॅगस, कांदा, लसूण आणि मका अशा सगळ्यांवर जगते. म्हणजे एकाच्या अंगावरचा रोग दुसऱ्याच्या अंगावर नेऊन ठेवायचा प्रकार. वाफ्याच्या जागी आधी कांदा किंवा मका होता का, हेही आठवून बघा. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी फ्युजेरियमच असली तरी ती हरभऱ्यापुरतीच असते, तिची भीती नको.

हळद, आलं, बटाटा, रताळं ही खोदून काढायची पिकं. काढताना अ‍ॅस्परॅगसच्या मुळ्या तुटतात आणि त्या जखमेतून बुरशी आत जाते. अ‍ॅस्परॅगसच्या मुळ्या आडव्या तीन-चार फूट सहज पसरतात, तेव्हा "शेजारच्या वाफ्यात आहे" एवढं अंतर पुरत नाही. दुधी, भोपळा, काकडी पिसाऱ्यावर चढून ऊन अडवतात.

टोमॅटो हा अ‍ॅस्परॅगसचा प्रसिद्ध सोबती. त्यामागचं जुनं कारण असं की युरोप-अमेरिकेत अ‍ॅस्परॅगसवर येणारा एक भुंगेरा टोमॅटोमुळं दूर राहतो आणि अ‍ॅस्परॅगसच्या मुळ्या टोमॅटोच्या सूत्रकृमींना (मुळांना त्रास देणारे बारीक जंत) नकोशा होतात. आपल्या परसात त्या भुंगेऱ्यापेक्षा हुमणी-वाळवीच जास्त छळतात, त्यामुळं पहिलं कारण इथं फारसं कामाचं नाही. दुसऱ्यासाठी टोमॅटो लावायला हरकत नाही, पण दोन फूट अंतर ठेवून लावा आणि हिवाळ्यात लावू नका. हिवाळी टोमॅटोला दर दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं आणि नेमकं तेव्हा अ‍ॅस्परॅगसचं पाणी तोडायचं असतं. सोबतीचं पीक निवडताना हे पाण्याचं वेळापत्रक कुणी बघत नाही, माझ्या मते पहिल्यांदा तेच बघावं.

झेंडू चांगला. त्याच्या जिवंत मुळ्यांतून निघणारं द्रव्य मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारतं. पण शोभेपुरती दोन रोपं कडेला लावून हे होत नाही. वाफ्याच्या दोन्ही कडांना सलग दाट ओळ हवी आणि ती तीन-चार महिने उभी राहायला हवी. जूनअखेर लावला तर दसरा-दिवाळीची फुलंही घरची होतात. फुलं संपल्यावर झेंडू उपटू नका, बुडाशी कापा. तुळस, सब्जा, कोथिंबीर, शेपू ही वरच्या वर मुळं असणारी मंडळी बिनघोर. पहिल्या दोन वर्षांत वाफा मोकळा दिसतो तेव्हा मधे कोथिंबीर आणि शेपू फेकली तर तण दबतं आणि भाजीही होते. पावसाळ्यात मात्र गड्ड्याभोवतीची वीतभर जागा उघडीच ठेवा, हवा खेळू द्या.

एक सल्ला बाहेरून आलाय, तो इथं अजिबात पाळू नका: तण मारायला वाफ्यात मीठ टाकायचं. अ‍ॅस्परॅगस मीठ सोसतं हे खरं, बहुतेक भाज्यांपेक्षा जास्त सोसतं. आपली काळी चिकणमाती सोसत नाही. मिठातल्या सोडियममुळं तिची कणरचना मोडते, ती चोपण होते आणि निचरा, ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच बंद होतो. बोअरचं पाणी खारवट असेल तर ही काळजी दुप्पट.

कोंब बारीकच येतात त्याचं काय

जागा बदलूनही कोंब बारीक येत असतील तर बहुतेक वेळा काढणी लवकर सुरू झालेली असते. पहिली दोन वर्षं एकही कोंब काढू नये. तिसऱ्या वर्षी दोन आठवडे, पुढं चार ते सहा आठवडे. पेन्सिलीपेक्षा बारीक कोंब यायला लागले की त्या दिवशी काढणी बंद आणि पुढचे सगळे पिसाऱ्याला सोडायचे.

दुसरं कारण, विसावा न मिळणं. थंड देशात बर्फ विसावा देतो, इथं आपण पाणी तोडून द्यायचा. नोव्हेंबरपासून पाणी कमी करत न्या, डिसेंबरात जवळजवळ बंद. पिसारा पूर्ण वाळला की जमिनीलगत कापा, शेणखताचा थर द्या आणि जानेवारीत पाणी सोडा. कोंब फेब्रुवारीत निघाले तर भरदार निघतात. मार्चअखेर पारा चढायला लागला की कोंब वीतभर होण्याआधीच त्याचं टोक उलगडतं आणि देठात धागे होतात. तेव्हा ते खाण्यापेक्षा वाढू द्यावेत. हिवाळा सौम्य गेला आणि पिसारा वाळलाच नाही, तर तैवान-थायलंडकडची रीत वापरता येते: प्रत्येक गड्ड्यावर तीन-चार जुन्या काड्या उभ्या ठेवायच्या आणि फक्त नवीन कोंब काढायचे.

उन्हाळ्यात सोयाबीनचं भुसकट किंवा ज्वारीचा पाला चार इंच पसरा, पण मृगाआधी गड्ड्यावरून बाजूला ओढा.

औषधी शतावरीवाल्यांनी निचऱ्याचा भाग जसाच्या तसा घ्यावा, कंदकूज तिलाही होते. तिला बांधाच्या चढावर, शेवग्याच्या किंवा कुपाटीच्या आधारानं लावा. वाफ्यात लावली तर बांबू रोवावाच लागतो. कंद दीड-दोन वर्षांनी काढायचे असल्यानं पंधरा वर्षांच्या जागेचा प्रश्न तिच्या बाबतीत येत नाही.

आत्ता चुकीच्या जागी असलेली रोपं हलवायची असतील तर भर पावसात हलवू नका. पिसारा वाळल्यावर, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत गड्डे उकरा, पाण्यानं धुवा आणि एकेक मुळी दाबून बघा. टणक मुळ्यांचेच गड्डे नव्या वाफ्यात न्यायचे, ट्रायकोडर्माच्या (रोगाच्या बुरशीला आळा घालणारी उपयोगी बुरशी) पाण्यात अर्धा तास बुडवून. एकही पोकळ नळी सापडली तर तो गड्डा नेण्याचा मोह धरू नका. रिकाम्या झालेल्या त्या ओल्या खड्ड्यात अळू किंवा कर्दळ लावा, वळचणीचं पाणी त्यांना हवंच असतं.